कार्गो ट्रेलर कॅम्परमधील वीज व वातानुकूलन

माल वाहण्यासाठी बनवलेल्या बंदिस्त ट्रेलरचे राहण्याजोग्या फिरत्या खोलीत रूपांतर करताना त्यात बसवलेली विजेची व गारव्याची व्यवस्था. अमेरिका व कॅनडात असे ट्रेलर घरीच तयार करण्याची पद्धत चांगलीच रुजलेली आहे. नवा ट्रेलर म्हणजे पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ठोकलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. मागचे दिवे आणि ब्रेक यांच्या पलीकडे त्यात वायरिंग जवळजवळ नसते.

अनेक जण आधी सोलर पॅनेल व बॅटरी घेतात आणि एसीचा विचार नंतर करतात. हा क्रम उलटा असायला हवा, कारण विजेचा सगळा हिशेब एसीच ठरवतो. दिवे, पंखा, फोनचे चार्जिंग आणि १२ व्होल्टचा छोटा फ्रिज यांचे दिवसाकाठी साधारण एका युनिटच्या आत भागते. तेवढी वीज छोटा विंडो एसी सलग चालला तर दोन-सव्वादोन तासांत संपवतो.

म्हणून पहिले काम उष्णता बाहेरच अडवण्याचे. नळ्यांच्या मधल्या जागेत फोम भरला तरी खुद्द नळ्या उन्हाची उष्णता आत आणत राहतात आणि थंड पहाटे त्यांच्यावरच पाणी साचते. नळ्या झाकणारा फोमचा सलग थर आतून दिला की दोन्ही त्रास कमी होतात. पांढऱ्या छताचाही मोठा फरक पडतो. छतातला १२ व्होल्टचा पंखा १४ इंची चौकोनी झरोक्यात बसतो. सावलीकडची खिडकी थोडी उघडून तो हवा बाहेर फेकेल असा लावला, तर संध्याकाळनंतर अनेकदा एसी लागतच नाही. मात्र बाहेरची हवाच तापलेली असेल तेव्हा पंख्याचा उपयोग मर्यादित.

छतावरचा प्रचलित एसी ताशी १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचे माप), म्हणजे सुमारे १.१ टनाचा असतो. ६ बाय १२ फुटांच्या, नीट इन्सुलेट केलेल्या ट्रेलरला तो जास्तच होतो: हवा झटकन गार करून बंद पडतो, दमटपणा तसाच राहतो. शिवाय त्याचे वजन पेलायला छताच्या आडव्या पट्ट्यांना आधार द्यावा लागतो. अशा ट्रेलरला ५,००० बीटीयूचा विंडो एसी बहुधा पुरतो. तो साधारण ४५० ते ५०० वॉट घेतो. तो बसवताना एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. विंडो एसी बाहेरच्या अंगाला बाजूच्या जाळ्यांतून हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. दिसायला नीटनेटके म्हणून तो भिंतीच्या आत दडवला, तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि कॉम्प्रेसर तापून बंद पडतो.

१२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १.२८ युनिट वीज मावते. इन्व्हर्टरमधली घट धरता त्यावर हा एसी सलग अडीच तासांच्या आसपास चालेल. रात्रभरासाठी अशा तीन-चार बॅटऱ्या लागतात, आणि छतावरची २०० वॉटची पॅनेल त्या एका दिवसात भरून काढू शकत नाहीत. एसी हवाच असेल, तर कॅम्पग्राउंडच्या (ट्रेलर लावून मुक्काम करण्याच्या तळाच्या) वीजजोडणीवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे. शून्य अंश सेल्सिअसखाली या बॅटऱ्या चार्ज करू नयेत. १२ व्होल्टला ५०० वॉट म्हणजे ४० अँपिअरहून अधिक प्रवाह, म्हणून इन्व्हर्टरची केबल जाड व आखूड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

कॅम्पग्राउंडवरची नेहमीची जोडणी १२० व्होल्ट, ३० अँपिअरची असते. तिला १० गेज जाडीची तांब्याची वायर लागते. घरी असा सॉकेट बसवून घेताना तो कपडे वाळवण्याच्या यंत्राचा समजून २४० व्होल्टला जोडला गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज तपासावे. ट्रेलरच्या वितरण पेटीत न्यूट्रल व अर्थिंग वेगळे ठेवावे लागते. बाजारात मिळणाऱ्या पेटीसोबत बहुधा एक हिरवा स्क्रू येतो. तो न्यूट्रलची पट्टी पेटीच्या पत्र्याला जोडतो. घरच्या मुख्य पेटीत तो हवा, इथे नको. तो तसाच राहिला आणि वाटेत न्यूट्रल तुटला किंवा उलटा जोडला गेला, तर ट्रेलरच्या पत्र्यातच वीज उतरू शकते. ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्याच्या ते जिवावर बेतेल. अर्थिंगची वायर मात्र सांगाड्याला पक्की जोडलेलीच असावी.

जनरेटर वापरल्यास तो ट्रेलरपासून दूर, धूर उलट दिशेला जाईल असा ठेवावा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. गाडी चालत असताना बॅटरी भरायची असेल, तर ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधली बारीक वायर अपुरी पडते. वेगळी जाड वायर आणि डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीकडून येणारी वीज ट्रेलरच्या बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारे उपकरण, लागते. रस्त्याच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार वायरचे आवरण कापते, म्हणून प्रत्येक भोकात रबरी कडे बसवतात आणि पहिल्या लांब प्रवासानंतर पेटीतले सगळे स्क्रू, वीज पूर्ण तोडून, पुन्हा आवळतात.