पार्श्वभूमी : कोरियन फिगर स्केटिंगची नवी पिढी आणि १ जुलैची अट

दक्षिण कोरियाच्या फिगर स्केटिंगची गोष्ट बहुतेक जण २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकपासून सुरू करतात, आणि त्यात फारसे चूक नाही. १९६८ मध्ये ग्रेनोबलला कोरियाचे फिगर स्केटर पहिल्यांदा ऑलिंपिकच्या बर्फावर उतरले. त्यानंतरची तीन-साडेतीन दशके सहभागापलीकडे हाती फारसे लागले नाही. शॉर्ट ट्रॅकवाले (बर्फावरच्या वेगाच्या शर्यती खेळणारे) पदके लुटत होते आणि फिगर स्केटर त्यांच्याकडे बघत होते.

व्हँकुव्हरमध्ये किम युनाला सुवर्ण देणाऱ्या २२८.५६ गुणांनी हे चित्र पालटले. पाच-सहा वर्षांच्या मुलींना घेऊन पालक रिंकवर रांगा लावू लागले. ‘युना किड्स’ म्हणतात ती हीच पिढी. युनाला रौप्यावर थांबवणाऱ्या सोची २०१४ च्या वादग्रस्त निकालावर इतकी शाई खर्च झाली आहे की इथे आणखी भर नको. एक गोष्ट मात्र त्या गदारोळात हरवते. युनाने २०१३ ची जागतिक स्पर्धा जिंकल्यामुळे कोरियाला सोचीत तीन जागा मिळाल्या आणि दोन किशोरवयीन मुली तिच्याबरोबर ऑलिंपिक खेळून आल्या. पुढच्या फळीला मिळालेली ती पहिली खरी संधी.

पण कोरियन स्केटिंगचे भवितव्य गुणवत्तेइतकेच जन्मदाखल्यावर ठरत आले आहे, आणि यावर हवी तेवढी चर्चा होत नाही. खुद्द व्हँकुव्हरची विजेती सप्टेंबर १९९० ची. मार्च २००६ मध्ये ती ज्युनियर विश्वविजेती झाली, पण त्याआधीच्या महिन्यातल्या तुरिन ऑलिंपिकसाठी तिचे वय दोन महिन्यांनी कमी पडले. तेव्हाचा नियम असा, की हंगामापूर्वीच्या १ जुलैपर्यंत १५ वर्षे पूर्ण हवीत. जपानची तिची प्रतिस्पर्धीही त्याच अटीत अडकली आणि आरडाओरडा झाला तो जपानमध्ये.

२०१६ मध्ये प्रश्न घरातच उभा राहिला. जानेवारीतल्या राष्ट्रीय स्पर्धेत ११ वर्षांच्या मुलीने थोरल्यांना मागे टाकून विजेतेपद पटकावले. तेवढ्यात राष्ट्रीय संघासाठी किमान १३ वर्षांची अट आलेली होती. म्हणजे देशातली सर्वोत्तम स्केटर राष्ट्रीय संघाबाहेर, आणि संघाबाहेर म्हणून तैरूंगच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रातल्या बर्फालाही मुकलेली. लोक भडकले तेव्हा तिच्या सरावाची वेगळी सोय झाली. हीच मुलगी २०२० मध्ये लोझानला युवा ऑलिंपिकचे सुवर्ण घेऊन आली. नियम मुलांच्या भल्यासाठी होता, हे मान्य. पण लहान मुलीला वाचवायचे म्हणून तिचा बर्फच काढून घ्यायचा, यातले तर्कशास्त्र तेव्हाही कळले नव्हते आणि आजही कळत नाही.

सगळ्यात मोठा फेरबदल जून २०२२ मध्ये झाला. बीजिंग ऑलिंपिकमधल्या १५ वर्षांच्या रशियन मुलीच्या उत्तेजक प्रकरणानंतर थायलंडमधल्या फुकेतमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या सभेने सीनियर गटाचे किमान वय १५ वरून १७ करायचे ठरवले. बाजूने १००, विरोधात १६ मते. बदल टप्प्याटप्प्याने होता : २०२३-२४ ला १६ आणि २०२४-२५ पासून १७. हा टप्पा कागदावर सौम्य दिसतो. प्रत्यक्षात काही मुलांसाठी दार दरवर्षी एकेक पाऊल मागे सरकत गेले.

मार्च २००८ मध्ये जन्मलेल्या एका कोरियन मुलीचा हिशेब मांडून पाहा. जुन्या नियमाने ती २०२३-२४ मध्ये सीनियर झाली असती. तिला १५ पूर्ण झाली तेव्हा अट १६ ची होती, १६ झाली तेव्हा १७ ची. २०२३ आणि २०२४ मध्ये ती राष्ट्रीय विजेती होती, तरी सीनियर जागतिक स्पर्धेला तिच्यामागे राहिलेल्या मुलीच गेल्या. तिच्या वाट्याला २०२२ ते २०२५ अशी सलग चार ज्युनियर जागतिक रौप्यपदके आली. त्यातले पहिले सुवर्णापासून जेमतेम अर्ध्या गुणाने हुकलेले.

याच नियमाने तिला दिलेही आहे. शेवटच्या तीन वेळा तिच्यापुढे राहिलेली जपानी मुलगी ऑक्टोबर २००८ ची, त्यामुळे मिलान-कोर्तिना २०२६ तिच्यासाठी बंद. कोरियन मुलीसाठी खुले. आणि त्याच ऑक्टोबरात जन्मलेला कोरियाचा मुलगा, २०२४ मध्ये तैपेईत ज्युनियर विश्वविजेता झालेला देशाचा पहिला पुरुष, साडेतीन महिन्यांनी बाहेर. कोरियन चर्चेत पहिली बाब नशीब ठरते आणि दुसरी अन्याय. दोन्हींमागे एकच तारीख आहे. मुलांच्या गुडघ्यांचा आणि घोट्यांचा विचार केला तर १७ ची अट योग्यच वाटते. आक्षेप घ्यायचा तर तो चालू पिढीच्या मध्यावर ती लादण्याला घ्यावा.

दुसरी अडचणीची बाब रशियाची. मार्च २०२२ पासून रशियन स्केटर आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर गेले आणि कोरियाची भरभराट नेमकी तेव्हापासूनची. २०२३ च्या सैतामा जागतिक स्पर्धेत महिला आणि पुरुष दोन्ही गटांत रौप्य, २०२४ ला माँट्रियलमध्ये महिला गटात कांस्य, फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत दोन्ही एकेरी सुवर्णे. हार्बिनला दोन्ही गटांत जपानचे अव्वल स्केटर मागे पडले, त्यामुळे सगळे श्रेय रशियाच्या गैरहजेरीला देणे खोटे ठरेल. पण ती गैरहजेरी हिशेबात न धरणेही तितकेच खोटे.

हार्बिनच्या सुवर्णाचा अर्थ पुरुष विजेत्यासाठी वेगळाच होता : आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णामुळे सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. कोरियन मुलांच्या कारकिर्दीवर ही टांगती तलवार कायम असते. मुलींना ती नाही.

जागांचा प्रश्नही आहेच. २०२५ मध्ये बोस्टनच्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या दोघी आघाडीच्या मुली नवव्या आणि दहाव्या आल्या. तीन जागांसाठी दोन क्रमांकांची बेरीज १३ किंवा त्याहून कमी लागते, म्हणून मिलानसाठी दोनच मिळाल्या. रांग लांब, जागा दोन.

रांगेत आता जून २००९ मध्ये जन्मलेल्या, ट्रिपल ॲक्सल (हवेत साडेतीन फेऱ्यांची उडी) मारणाऱ्या जुळ्या बहिणीही आहेत. १ जुलै २०२६ च्या आत त्यांना १७ पूर्ण होतात, तेही जवळपास तीन आठवडे राखून. तैपेईचा विजेताही २०२६-२७ मध्येच सीनियर वयात येतो. म्हणजे दोन वर्षे अडवून ठेवलेली मुले एकाच हंगामात वर येणार, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी आधीच्या कुणाला तरी संघाबाहेर बसावे लागणार.