अंतर तेच, वेळ वेगळा

पृथ्वीचा गोल हाताशी असेल तर एक दोरा घ्या. एक टोक बीजिंगवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. दोन्ही शहरं साधारण ४० उत्तर अक्षांशावर आहेत, त्यामुळे दोरा पॅसिफिकवरून आडवा जाईल असं वाटतं. पण ताण दिला की तो वर सरकतो आणि पार ८४ अंशांपर्यंत, उत्तर ध्रुवाच्या शेजारून जातो. अक्षांश धरून गेलो तर हे अंतर सुमारे १४,४०० किलोमीटर भरतं. दोऱ्याच्या वाटेनं जेमतेम ११,०००. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. सपाट नकाशावर ती भलीमोठी कमान दिसते, कारण नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो.

दोन विमानतळांमधलं म्हणून जे अंतर सांगतात, ते हेच. ते बदलत नाही. वेळ मात्र रोज बदलतो, कारण विमान ज्या हवेतून जातं ती हवा स्वतःच वाहत असते.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या दिवसांत एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याला सहा तासांच्या आसपास लागतात. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्यानं ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. ध्वनीशी तुलना भोवतालच्या हवेच्या संदर्भात करायची असते, आणि ती हवाच विमानाला घेऊन निघाली होती.

मग जाताना वाचलेला वेळ येताना खर्च होऊन हिशेब बरोबर होत असेल? नाही, आणि मला या विषयात सगळ्यात आवडते ती हीच गोष्ट. ५,५५० किलोमीटरचा प्रवास, विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा १०० धरा. वाऱ्यासोबत ५ तास ३३ मिनिटं, वाऱ्याविरुद्ध ६ तास ५६. बेरीज १२ तास २९ मिनिटं. वारा नसता तर १२ तास २० मिनिटांतच जाऊन-येऊन झालं असतं. वारा विरुद्ध असताना विमान हळू जातं, म्हणून त्या वाऱ्यात ते जास्त वेळ राहतं. नुकसान फायद्यापेक्षा मोठं होतं ते त्यामुळे.

म्हणूनच उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग कायमचे आखलेले नसतात. कॅनडातलं गँडर आणि पलीकडचं शॅनविक ही नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज पाहून ते दिवसातून दोनदा ठरवतात. लंडनकडे जाणाऱ्यांना जेट प्रवाह हवा असतो, परतणाऱ्यांना तो टाळायचा असतो.

वाऱ्यापेक्षाही मोठा फरक कधी कधी जमिनीवरच्या सीमांनी पडतो. हेलसिंकी ते टोकियो हे बृहद्वृत्तावरचं अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, आणि ते बरंचसं रशियावरून जातं. २०२२ मध्ये तिथलं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. तेव्हापासून यातली काही उड्डाणं थेट उत्तर ध्रुवावरून जातात.