रंगीत पत्रा की जीआय? आधी जस्त किती ते विचारा

शाळेच्या छपराचा विषय निघाला की आमच्या पाटण भागात एक वाक्य हमखास येतं. "जीआय गंजतो, रंगीत गंजत नाही. चार पैसे जास्त जाऊ देत, पण निळाच टाका." ग्रामसभेत तेच, शाळा व्यवस्थापन समितीत तेच, चहाच्या टपरीवरही तेच. ऐकून कान किटले.

जीआय पत्रा काय ते सांगायला नको. पोलादाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा, गोठ्यापासून मांडवापर्यंत सगळीकडे तोच. गंमत अशी की रंगीत पत्र्यातही रंगाखाली जस्ताचाच थर असतो, नाहीतर जस्त-ॲल्युमिनियमचा. वरून कारखान्यात भाजून चढवलेला रंग, एवढाच फरक.

उन्हाच्या चटक्यासाठी फिका रंग घ्या. पावसाच्या आवाजात बाईंचं शिकवणं दोन्हीखाली सारखंच बुडतं. इथं हा विषय संपला.

खरी गल्लत पुढे आहे. रंग फक्त हवा-पाणी लांब ठेवतो. जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं; ओरखडा पडून पोलाद उघडं झालं तरी आधी शेजारचं जस्त खर्ची पडतं. आणि छप्पर गंजायला लागतं ते मधल्या गुळगुळीत निळ्या भागातून नव्हे, तर कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. तिथं रंग नसतोच. राखणीला एकटं जस्त.

हे जस्त दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात, आणि तो आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. 120 म्हणजे एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग तो मायक्रॉन). 275 म्हणजे 19. त्याच गावच्या हवेत दुपटीहून जास्त जस्त झिजायला वर्षंही दुपटीहून जास्त लागतात. जस्त सारखंच असेल तर रंगीत पत्रा जास्त टिकतो, हे मलाही मान्य. पण 120 वरचा देखणा निळा आणि 275 चा साधा जीआय शेजारी ठेवले तर मी जीआय उचलेन. रंग दहा वर्षांनी गावातला रंगारीही देईल. जस्ताचा तसा थर कारखान्यातच चढतो.

आता हिशेब बघा. एका वर्गाला 60 चौरस मीटर पत्रा धरला, तर 120 आणि 275 मधला फरक सव्वानऊ किलो जस्ताचा. आख्ख्या छपराला एवढंच! ते वाचवलं की पत्रा लवकर बदलायची पाळी येते. मग पंखे उतरवा, वायरिंग काढा, पुन्हा मजुरी मोजा, आणि तोवर पोरं समाजमंदिरात. यातलं काहीही कोटेशनमध्ये नसतं. कोटेशनमध्ये असतो फक्त दर, आणि आपण त्यालाच खर्च म्हणतो.

सगळीकडे 275 च हवा, असंही नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या दहिवडीला जेमतेम पाचशे. कोरड्या माण-खटावला 120 चालवून घेईन, पावसाळी पाटण-जावळीला नाही. सांगलीकडे पावसाळी शिराळा आणि कोरड्या जतचंही तसंच. दोन्हीकडे एकच एस्टिमेट फिरवणाऱ्यांना काय म्हणावं!

जाडीचंही विचारून घ्या. "0.50 चा पत्रा" म्हणजे नुसतं पोलाद 0.50 मिलिमीटर, की जस्त आणि रंग धरून? दोन्ही सांगणारे भेटतात. लेखी घ्या.

आणि एक खास राग. छपरावर बसून कटरनं पत्रा कापणारे! ठिणग्या रंग जाळतात, लोखंडाचा कीस तिथंच पडून गंजतो, आणि गावकरी म्हणतात पत्रा खराब निघाला. आमच्या शाळेवर पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ठिपके दिसले ते यामुळंच. दुसऱ्या खोलीच्या वेळी मी पत्रे मापातच मागवले, आणि मिस्त्री खाली उतरायच्या आधी छपरावर झाडू मारून घेतला.

त्याच वेळी दुकानदाराकडे पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. "शाळेच्या पत्र्याला कोण सर्टिफिकेट मागतं, दादा?" असं म्हणून तो हसला. तोंडी 275 सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कागद आला, त्यावर 120 होतं.