प्रकाशीय अक्षरओळख (ओसीआर)

कागदावरच्या मजकुराचे चित्र घेऊन त्यातील अक्षरे संगणकाकरवी ओळखणे आणि त्यांतून शोधता, निवडता, दुरुस्त करता येईल असा मजकूर तयार करणे, या प्रक्रियेला प्रकाशीय अक्षरओळख म्हणतात. व्यवहारात सगळे तिला ‘ओसीआर’ (ऑप्टिकल कॅरेक्टर रेकग्निशन) याच नावाने ओळखतात. जुनी पुस्तके, टंकलिखित अहवाल, दप्तरातले कागद, पावत्या, पासपोर्ट अशा अनेक गोष्टींसाठी ती वापरली जाते.

स्कॅन केलेले पान डोळ्यांना वाचता येते, म्हणून संगणकालाही ते कळत असेल असा समज सहज होतो. प्रत्यक्षात स्कॅन हा फोटोच असतो. ए४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या घनतेने स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपक्यांची जाळी तयार होते. प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा एवढेच त्यात नोंदलेले असते. अमुक जागी ‘क’ आहे ही माहिती त्यात कुठेच नसते. त्याच पानावरचा दोन हजार चिन्हांचा देवनागरी मजकूर युनिकोडच्या (सर्व लिप्यांतील चिन्हांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) यूटीएफ-८ पद्धतीने साठवला तर जेमतेम सहा हजार बाइट पुरतात. ठिपक्यांच्या ढिगातून त्या दोन हजार चिन्हांपर्यंत पोचताना यंत्र पावलोपावली अंदाज बांधत असते, आणि हे विसरले की पुढचे सगळे घोळ सुरू होतात.

पीडीएफ फाइलमुळे हा फरक आणखी झाकला जातो. एखाद्या पीडीएफमध्ये नुसती चित्रे असतात, एखादीत खरा मजकूर असतो, तर एखादीत वर पानाचे चित्र आणि त्याखाली ओळखलेल्या अक्षरांचा अदृश्य थर असतो. ओळीवर माउस ओढून शब्द निवडता येत नसेल तर ते निव्वळ चित्र समजावे. देवनागरी वाचकांना चौथा प्रकारही भेटतो : मजकूर निवडता येतो, पण दुसरीकडे चिकटवला की भलतीच चिन्हे उमटतात. युनिकोडपूर्व फाँटांत केलेल्या फायलींत असे होते, कारण त्यांत पडद्यावर देवनागरी आकार दिसत असले तरी आत रोमन अक्षरांचे सांकेतांक साठवलेले असतात. योग्य परिवर्तक हाताशी नसेल तर अशा पानांचे चित्र करून त्यावर ओसीआर चालवणेच सोपे पडते.

इतिहास : या तंत्राची एक मुळी दृष्टिहीनांच्या वाचनात आहे आणि दुसरी तारायंत्रात. १९१४च्या सुमारास इमॅन्युएल गोल्डबर्ग यांनी छापील अक्षरे वाचून त्यांचे तारेच्या संकेतांत रूपांतर करणारे यंत्र तयार केले. त्याच काळात फुर्निये दाल्ब यांचे ‘ऑप्टोफोन’ हे यंत्र अक्षरांच्या आकारानुसार वेगवेगळे स्वर काढी आणि अंध वाचक ते ऐकून शब्द जुळवत. गुस्टाव्ह टाउशेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीत वाचनयंत्राचे एकस्व (पेटंट) मिळवले; त्यात अक्षरांचे साचे आणि प्रकाशसंवेदक होते, म्हणजे समोरचे अक्षर ज्या साच्याशी जुळेल ते खरे. ही साचापद्धत अनेक दशके टिकली, आणि तिच्यामुळेच माणसांनी यंत्राच्या सोयीची अक्षरे घडवली. १९६८ मध्ये आलेल्या ओसीआर-ए आणि एड्रियन फ्रुटिगर यांनी रेखाटलेल्या ओसीआर-बी या टंकांत कोणतीही दोन अक्षरे एकमेकांसारखी दिसणार नाहीत अशी काळजी घेतलेली आहे. पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन ओळी आजही ओसीआर-बी टंकात छापतात.

खरी मोकळीक रे कर्झवाइल यांच्या कामाने मिळाली. कोणत्याही नेहमीच्या टंकातला मजकूर ओळखून तो मोठ्याने वाचून दाखवणारे त्यांचे यंत्र १९७६ मध्ये लोकांसमोर आले. सपाट काचेचा स्कॅनर, अक्षरओळख आणि कृत्रिम आवाज या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र होत्या. अंधांसाठी केलेल्या या यंत्राचे पुढे कार्यालयांनी सोने केले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८०च्या दशकात सुरू झालेली ‘टेसरॅक्ट’ ही प्रणाली २००५ मध्ये मुक्तस्रोत झाली. २०१८च्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून तिचे वाचन न्यूरल जाळ्यावर, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या गणिती रचनेवर, चालते आणि मराठीसह शंभरावर भाषांत ती विनामूल्य वापरता येते.

स्कॅन : निकाल कसा लागणार हे बरेचसे येथेच ठरते. इंचाला ३०० ठिपके हे सर्वसाधारण प्रमाण आहे. दहा पॉइंटच्या अक्षराला त्यात उंचीचे चाळीसेक ठिपके मिळतात. १५० वर ते वीसच उरतात आणि अनुस्वार, नुक्ता, रफार यांसारख्या बारीक खुणा कागदावरच्या डागांत मिसळून जातात. बारीक टाइपाला ४०० किंवा ६०० घ्यावे. पुस्तक मधोमध नीट उघडत नसेल तर शिवणीजवळच्या ओळी वाकतात आणि तिथेच सावली पडते. पातळ कागदातून मागच्या पानाची छपाई डोकावत असेल तर पानामागे काळा कागद ठेवल्याने ती दबते.

मूळ प्रत जपायची असेल तर ती टिफसारख्या, तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवावी. यामागे एक धडा आहे. २०१३ मध्ये असे उघडकीस आले की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनयंत्रे फाइल लहान करताना सारख्या दिसणाऱ्या आकारांच्या जागी एकच आकार बसवत होती, आणि त्यामुळे आकड्यांतील ६ चे ८ होत होते. पान स्वच्छ, अक्षर सुबक, फक्त आकडा चुकीचा. हा दोष ओसीआरचा नव्हता, पण जिच्याशी ताडून पाहायचे ती प्रतच बिघडली तर पुढची कोणतीही तपासणी उपयोगी पडत नाही.

ओळख कशी होते : आधी पान सरळ करतात आणि करड्या छटांतून शाई व कागद वेगळे काढतात. यासाठी नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये मांडलेली उंबरठ्याची पद्धत (ठरवलेल्या छटेपेक्षा गडद ते शाई, फिकट ते कागद) अजूनही वापरात आहे. मग मजकुराचे ठोकळे, स्तंभ, ओळी शोधल्या जातात. वृत्तपत्राच्या पानात यंत्र इथेच फसते : दोन स्तंभांतल्या ओळी ते आडवे सरळ वाचत जाते आणि दोन बातम्यांची खिचडी होते. अक्षर न् अक्षर बरोबर असूनही मजकूर निरर्थक ठरतो. म्हणून किचकट पानावर ठोकळे हाताने आखून द्यावेत. त्यात गेलेला वेळ दुरुस्तीत वाचतो.

पूर्वी ओळीतून शब्द आणि शब्दातून एकेक अक्षर कापून ओळखत. आताची न्यूरल जाळी अख्खी ओळ एकदम घेतात आणि आधीच्या-नंतरच्या आकारांचा विचार करत चिन्हांची मालिका काढतात.

देवनागरीची अडचण : अक्षर कापायचे म्हटले की देवनागरीत पहिला अडथळा शिरोरेषेचा, कारण ती सगळ्या शब्दाला बांधून ठेवते. १९७०च्या दशकापासून भारतीय संशोधकांनी यावर काम केले आहे, आर. एम. के. सिन्हा व एच. एन. महाबला यांचा १९७९ मधील आणि बी. बी. चौधरी व यू. पाल यांचा १९९७ मधील शोधनिबंध या विषयात नेहमी उल्लेखिले जातात. शिरोरेषा पुसून पाहावे तर ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचा उभा दंड सुटा होऊन एका अक्षराची दोन होतात. मात्रा, रफार, अनुस्वार वरच्या पट्ट्यात, उकार खालच्या पट्ट्यात, त्यात जोडाक्षरांचे शेकडो आकार. शिवाय दिसण्याचा क्रम आणि साठवण्याचा क्रम एक नसतो : ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते पण साठवताना नंतर येते, आणि ‘अर्थ’मधला रफार ‘थ’च्या डोक्यावर दिसत असला तरी त्यातला ‘र्’ आधी साठवला जातो. ‘दऱ्या’तल्या ‘ऱ्या’सारखे रूप तर हिंदीवर तयार झालेल्या प्रणालीला परकेच असते, आणि ‘ळ’ही तिला क्वचितच भेटलेला असतो. म्हणून भाषा निवडताना लिपी तीच आहे म्हणून हिंदीवर भागवू नये.

खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा जागोजागी तुटलेली असते, झिजलेल्या खिळ्याची मात्रा उठलेलीच नसते. ‘अ’, ‘झ’, ‘ल’, ‘श’ यांची जुनी आणि नवी वळणे वेगळी असतात. अशा पानांसाठी त्याच टाइपाचे नमुने देऊन प्रणालीला वेगळे शिकवावे लागते.

चुका : अचूकता मोजण्याची रूढ रीत अशी की, मिळालेला मजकूर खऱ्या मजकुरासारखा करायला किती चिन्हे बदलावी, घालावी, काढावी लागतात ते मोजून त्याला एकूण चिन्हांनी भागायचे. ९९ टक्के अचूकता ऐकायला भरघोस वाटते. दोन हजार चिन्हांच्या पानावर तिचा अर्थ वीस चुका, आणि तीनशे पानांच्या पुस्तकात सहा हजार.

पण संख्येपेक्षा चुकीची जात महत्त्वाची आहे. ‘पुस्तक’चे ‘पुस्नक’ झाले तर ते डोळ्यांत भरते आणि शब्दतपासणीतही अडकते. ‘घन’चे ‘धन’, ‘भार’चा ‘मार’, ‘खाना’चे ‘रवाना’ झाले तर कोणतीही शब्दतपासणी हटकणार नाही, कारण हे सगळे धडधाकट मराठी शब्द आहेत. सर्वांत फसवा अनुस्वार. एक ठिपका हरवला की ‘घरं’चे ‘घर’ होते, ‘त्यांचे’चे ‘त्याचे’ होते. अनेकवचन जाते, आदर जातो, आणि वाक्य मात्र व्याकरणाला धरून उभे राहते. आकड्यांना तर संदर्भाचाही आधार नसतो. १ आणि ९ यांची अदलाबदल झालेली तारीख तारीखच दिसते.

दुरुस्ती : म्हणून ओसीआरनंतर मुद्रितशोधन अटळ आहे, आणि ते मूळ पान शेजारी ठेवूनच करावे. एकटा मजकूर वाचणारा माणूस ओघात चूक ओलांडून जातो, कारण त्याचे मन तिथे योग्य शब्द आपणच भरते. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात डावी-उजवीकडे चित्र आणि मजकूर ठेवून एकाने तपासलेले पान पिवळे आणि दुसऱ्यानेही तपासले की हिरवे करण्याची रीत आहे. दोन वेगवेगळ्या प्रणालींचे निकाल ताडून जिथे मतभेद असेल तेवढेच आधी पाहणे हाही चांगला मार्ग आहे. २००७ मधील ‘रीकॅप्चा’ने हेच काम मोठ्या प्रमाणावर केले : संकेतस्थळावर माणूस असल्याची खात्री पटवण्यासाठी दोन शब्द टंकायला लावत, त्यांतला एक ठाऊक असलेला आणि दुसरा यंत्राला न वाचता आलेला असे. अनेकांचे उत्तर जुळले की तो शब्द पक्का धरत.

शब्द बरोबर झाले तरी ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडणे, पानाच्या डोक्यावरचे शीर्षक व पृष्ठांक वाक्यातून काढणे, तळटीपा जागच्या जागी लावणे हे उरतेच. पान हुबेहूब दिसावे म्हणून काही प्रणाली मजकूर छोट्या छोट्या चौकटींत भरून देतात. अशी फाइल दिसते छान, पण एक ओळ वाढवली की सगळी विस्कटते. पुढे संपादन करायचे असेल तर साधा सलग मजकूर घ्यावा आणि मांडणी स्वतः करावी.

हस्तलिखिते आणि नवी प्रतिमाने : हस्ताक्षर माणसागणिक बदलते, त्यामुळे तिथे एकाच हाताची काही पाने उतरवून त्यांवर प्रणाली शिकवणे हाच भरवशाचा मार्ग ठरला आहे. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण लेखणी न उचलता लिहिलेल्या, शब्दांत अंतर न सोडणाऱ्या मोडीचे वाचन अजून बरेचसे जाणकारांच्याच हाती आहे.

अलीकडे चित्र आणि भाषा दोन्ही शिकलेली मोठी प्रतिमाने (एआय मॉडेल) पानाचा फोटो घेऊन थेट मजकूर देतात. फिकट शाई, वाकडी ओळ, गुंतागुंतीचा तक्ता ती जुन्या प्रणालींपेक्षा बरेचदा छान हाताळतात. त्यांची चूक मात्र वेगळ्या जातीची असते. जुनी प्रणाली डागाच्या जागी अगम्य चिन्हे टाकी आणि तिथे काही बिघडले आहे हे आपोआप कळे. नवे प्रतिमान तिथे बेमालूम बसणारा शब्द घालते, कधी पूर्ण वाक्यही, जे कागदावर नव्हतेच. कधी जुने शुद्धलेखन परस्पर नवे करून ठेवते. त्यामुळे अशा मजकुरात प्रत्येक परिच्छेदाशी स्कॅनचा पृष्ठांक ठेवावा, नावे आणि आकडे चित्रावरून स्वतंत्रपणे पुन्हा वाचावेत, आणि कागद फाटलेला किंवा अक्षर पुसलेले असेल तिथे अंदाजाचा शब्द न ठेवता ‘[अवाच्य]’ असे लिहावे.