माझ्याच पत्त्यावरून मला आलेला मेल

एके सकाळी मेलबॉक्स उघडला तर पहिलाच मेल माझा. म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी माझंच नाव आणि माझाच पत्ता. आतला मजकूर धमकीचा होता: तुमच्या खात्यात मी शिरलो आहे, खात्री पटत नसेल तर प्रेषकाचा पत्ता पाहा, हा मेल तुमच्याच खात्यातून पाठवला आहे, मुदतीत पैसे भरा. पोटात गोळा आला. आधी पासवर्ड बदलला, मग ‘सेंट’ फोल्डर तपासला. तिथे असा कुठलाही मेल नव्हता. शेवटी त्या मेलचं मूळ रूप उघडलं आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. माझ्या खात्याला कुणी हातही लावला नव्हता.

प्रत्येक मेलला असं एक मूळ रूप असतं. मेनूत ‘शो ओरिजिनल’ किंवा ‘व्ह्यू सोर्स’ अशा नावाखाली ते सापडतं. एरवी आपल्याला नाव, विषय आणि मजकूर एवढंच दिसतं. मूळ रूपात त्यांच्या वर हेडरच्या बऱ्याच ओळी असतात. पहिल्यांदा पाहताना त्या गिचमीड वाटतात, पण मेल कसा प्रवास करतो हे कळलं की वाचता येतात.

आपण ‘सेंड’ दाबलं की मेल आधी आपल्या मेल सर्व्हरकडे जातो. तो समोरच्याच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि दोन यंत्रांमध्ये अगदी साध्या मजकुरात बोलणं सुरू होतं. या बोलण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. पहिला सर्व्हर ‘हेलो’ म्हणून स्वतःचं नाव सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून एक पत्ता देतो. समोरून उत्तर येतं 250, म्हणजे ठीक. मग ‘रिसिपियंट टू’ म्हणून ज्याला मेल द्यायचा त्याचा पत्ता. पुन्हा 250. मग ‘डेटा’. त्यावर समोरचा 354 म्हणतो, म्हणजे मजकूर सांगायला लागा. आता अख्खं पत्र जातं आणि एका ओळीवर नुसतं एक टिंब आलं की पत्र संपलं.

यात ‘फ्रॉम’ दोनदा येतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. ‘मेल फ्रॉम’मध्ये सांगितलेला पत्ता हा पाकिटावरचा पत्ता. ‘डेटा’नंतर जे पत्र जातं, त्याच्या माथ्यावर आणखी एक ‘फ्रॉम’ असतो, तो लेटरहेडसारखा. दोन्ही एकच असावेत अशी सक्ती एसएमटीपीत नाही. सर्व्हर पाकीट बाजूला काढतो आणि आपल्यापुढे फक्त पत्र ठेवतो. त्यामुळे पडद्यावर दिसणारं नाव हा पाठवणाऱ्याने केलेला दावा असतो, आणि तो खरा आहे का, हे मूळ नियमांत कुणी तपासतच नाही.

ही ढिलाई का राहिली, ते काळ पाहिला की कळतं. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, एका संगणकातून दुसऱ्या संगणकात मेल पाठवला आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये ‘ॲट’चं चिन्ह ठेवलं. एसएमटीपीचा मसुदा जोनाथन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिला. तेव्हा जाळ्यावर संशोधन संस्थांचे आणि विद्यापीठांचे मोजके संगणक होते. मेल पोचेल कसा हा त्या लोकांपुढचा खरा प्रश्न होता, आणि तो त्यांनी इतका नीट सोडवला की आजही तोच सांगाडा चालतो. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. पण 1978 मध्येच एका संगणक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना जाहिरातीचा मेल धाडला होता, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय याची झलक मिळाली होती.

मग या सगळ्या बोलण्यात खोटं सांगता येणार नाही असं काही आहे का? आहे, आणि ते मेलमध्ये नसून खालच्या जाळ्यात आहे. इंटरनेटवर मजकूर लहान लहान पॅकेटांत तुटून जातो आणि प्रत्येक पॅकेटवर दोन आयपी ॲड्रेस असतात, कुठून आणि कुठे. जुन्या पद्धतीचा आयपी ॲड्रेस म्हणजे 32 बिटांचा आकडा. असे जवळपास 430 कोटी होतात. ते पुरेनात म्हणून 128 बिटांची नवी पद्धत आली. एकाच यंत्रावर अनेक सेवा चालतात, तेव्हा कुठलं दार ठोठावायचं ते पोर्टचा क्रमांक सांगतो. सर्व्हर ते सर्व्हर मेलचं दार 25 क्रमांकाचं.

पॅकेटवरचा ‘कुठून’ही खोटा लिहिता येतो. पण एसएमटीपी ज्या टीसीपी जोडणीवर चालतो, ती सुरू होताना दोन्ही बाजूंना एकमेकांना उत्तर द्यावं लागतं. पहिला म्हणतो ‘जोडू का?’, दुसरा म्हणतो ‘जोड, आणि हा माझा आकडा’, मग पहिल्याने त्या आकड्याची पोच द्यायची. मी खोटा आयपी टाकला तर तो आकडा त्या खोट्या पत्त्यावर जाईल, मला कळणारच नाही, आणि जोडणी तिथेच अडेल. म्हणून मेल घेणाऱ्या सर्व्हरला दार ठोठावणाऱ्याचा आयपी बऱ्यापैकी खात्रीने माहीत असतो. पुढचे बरेच उपाय याच एका आधारावर उभे आहेत.

दुसरा आधार डीएनएसचा. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडलेली ही व्यवस्था डोमेनचं नाव, म्हणजे मेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या पुढे येणारं नाव, दिलं की त्याबद्दलच्या नोंदी देते: आयपी कुठला, मेल कुठल्या सर्व्हरने घ्यायचा. त्या नोंदी बदलण्याचा अधिकार डोमेनच्या मालकाकडे असतो. म्हणून मालकाने तिथेच जाहीर करून ठेवायचं, की माझ्या नावाने मेल पाठवायची मुभा अमुक आयपींनाच आहे. या यादीला एसपीएफ म्हणतात. घेणारा सर्व्हर पाकिटावरचं डोमेन पाहतो, त्याची यादी मागवतो आणि दारातला आयपी तिच्यात आहे का ते बघतो.

आता माझ्या त्या धमकीच्या मेलकडे येऊ. हेडरमध्ये ‘ऑथेंटिकेशन रिझल्ट्स’ अशी ओळ होती आणि तिच्यात लिहिलं होतं, एसपीएफ पास. मी चक्रावलो. खोटा मेल पास कसा? मग ‘रिटर्न पाथ’ची ओळ पाहिली. पाकिटावर माझं डोमेन नव्हतंच, कुठलंतरी भलतंच होतं, आणि त्याच्या मालकाच्या यादीत तो आयपी रीतसर होता. पाकीट खरं, लेटरहेड खोटं! एसपीएफने आपलं काम चोख केलं होतं, फक्त त्याला विचारलेला प्रश्न पाकिटाचा होता.

लेटरहेडपर्यंत पोचायला आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली डीकेआयएम. पाठवणारा सर्व्हर पत्रावर आपल्या खासगी किल्लीने डिजिटल सही करतो आणि तिची जोडीदार जाहीर किल्ली डीएनएसमध्ये ठेवतो. सही केलेल्या भागातलं एक अक्षर वाटेत बदललं तरी ती जुळत नाही. मेल पुढे दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवला की आयपी बदलतो आणि एसपीएफ लंगडा पडतो, पण मजकूर तसाच असेल तर ही सही टिकते. दुसरी डीमार्क, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. डीमार्क विचारतो: दिसणाऱ्या ‘फ्रॉम’मधलं डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएममध्ये पास झालेल्या डोमेनशी जुळतं का? जुळत नसेल तर काय करायचं, हेही मालकाने आधीच सांगून ठेवायचं: ‘नन’ म्हणजे काही करू नका, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा.

माझ्या मेलवर शेरा होता, डीमार्क फेल. तरी तो आत आला, कारण माझ्या डोमेनचं धोरण ‘नन’ होतं. डोमेन घेतलं तेव्हा तसंच राहून गेलं होतं. पुढचे काही आठवडे मी डीमार्कचे अहवाल मागवून पाहिले, माझे खरे मेल सगळीकडे पास होताहेत याची खात्री केली आणि मग ‘रिजेक्ट’वर गेलो. घाईने थेट ‘रिजेक्ट’ केलं असतं, तर माझेच काही मेल परत आले असते. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी लागू केल्या, ते चांगलं झालं.

हेडरमधल्या ‘रिसीव्ह्ड’ ओळी मात्र जपून वाचाव्यात. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. पण खालच्या ओळी पाठवणाऱ्याने बनवलेल्या असू शकतात. भरवसा ठेवायचा तो आपल्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळीवर.

तिन्ही पास झालेला मेलही लबाडाचा असू शकतो. त्याने मिळतंजुळतं डोमेन विकत घेतलं आणि सगळ्या नोंदी नीट केल्या, तर तपासणीत खोट निघणार नाही. ते डोमेन खरोखर त्याचंच आहे! ब्राउझरमधल्या कुलपाचंही तसंच. त्या डोमेनशी चाललेलं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढंच ते सांगतं. पलीकडचा माणूस कोण, ते सांगत नाही. म्हणून डोमेन वाचायची सवय हवी, आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. ‘बँक डॉट लॉगिन डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ यातला मालक ‘एक्झाम्पल डॉट कॉम’चा, डावीकडे तो हवं ते जोडू शकतो. पत्त्यात ‘ॲट’च्या पुढचं आणि दुव्यात पहिल्या एकेरी स्लॅशच्या आधीचं, एवढं पाहायचं. शिवाय रशियन लिपीतलं ‘अ’चं अक्षर रोमन अक्षरासारखंच दिसतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर सगळं सोडता येत नाही.

तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, उपयोगी पडते. ती तयार होते तेव्हाच एका डोमेनशी बांधली जाते. पुढे लॉगिनच्या वेळी ब्राउझर समोरच्या पानाचं डोमेन त्या नोंदीशी ताडून पाहतो, आणि एका अक्षराचा फरक असला तरी पासकी पुढे करत नाही. पासवर्ड किंवा मेसेजवर आलेला ओटीपी माणूस खोट्या पानावर टाइप करून बसतो, इथे टाइप करण्यासारखं काही नसतंच. मी ती सगळ्यात आधी मेलच्या खात्याला लावली, कारण माझ्या बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे त्याच मेलबॉक्समध्ये येतात.