लाउक म्हणजेच लिएज : बेल्जियमच्या भाषारेषेची पार्श्वभूमी

ब्रसेल्सहून ई-४० महामार्गाने लिएजला निघालं की शहराची हद्द सोडल्यावर फलकांवर लिएज दिसेनासं होतं. त्याच्या जागी ‘लाउक’ नावाचं गाव येतं आणि नवखा चालक पुढचा फाटा घेऊन मागे वळायच्या बेतात असतो. वळायची गरज नसते. लाउक हे लिएजचंच डच नाव. तीनेनच्या पुढे भाषारेषा, म्हणजे डच आणि फ्रेंच भाषक भागांमधली सीमा, ओलांडली की फलकांवर पुन्हा लिएज येतं.

आपल्याकडे बेल्जियमची ओळख बहुतेकांना दहावीच्या राज्यशास्त्रामुळे झालेली असते. ५९ टक्के डच, ४० टक्के फ्रेंच, १ टक्का जर्मन बोलणारे, आणि सत्तेची शहाणपणाने केलेली वाटणी. परीक्षेपुरतं ते बरोबर आहे. पण प्रवाशाला तिथे अडखळायला होतं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. ब्रसेल्स वगळता या देशात सरकारी भाषा ठरते ती माणूस कुठली बोलतो यावरून नव्हे, तो उभा कुठे आहे यावरून. महाराष्ट्राच्या साधारण एक-दशांश एवढ्या या देशात ही व्यवस्था एका रात्रीत आली नाही. तिच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याची खूण आज रस्त्यावर, स्टेशनात किंवा एखाद्या अर्जावर सापडते.

सुरुवात वॉटर्लूपासून करता येते. रणभूमीवरची २२६ पायऱ्यांची सिंहाची टेकडी १८२० ते १८२६ या काळात डच राजा पहिला विल्यम याने उभारली, कारण १८१५ पासून हा प्रदेश त्याच्या संयुक्त नेदरलँड्सचा भाग होता. विल्यमने १८२३ पासून उत्तरेकडच्या फ्लेमिश प्रांतांत, म्हणजे आजच्या डच भाषक फ्लँडर्समध्ये, डच ही कारभाराची भाषा केली. ते तिथल्या उच्चवर्गाला रुचलं नाही. गेंट आणि अँटवर्पमधली श्रीमंत घराणीही घरात फ्रेंचच बोलत असत. १८३० मध्ये बंड झालं, देश वेगळा झाला आणि १८३१ च्या राज्यघटनेने भाषेचं स्वातंत्र्य दिलं. कागदावर ते सगळ्यांना होतं. प्रत्यक्षात न्यायाधीश, लष्करी अधिकारी आणि प्राध्यापक आपापल्या सोयीची भाषा निवडणार, म्हणजे फ्रेंच. बहुसंख्य जनता डचच्या बोली बोलणारी आणि राज्य चालायचं फ्रेंचमध्ये. हे भांडण सुरुवातीला जेवढं उत्तर-दक्षिण होतं, तेवढंच वरच्या-खालच्या वर्गाचंही होतं, आणि फ्लँडर्समध्ये दुकानात फ्रेंचने सुरुवात केली तर अजूनही कपाळावर आठी का उमटते ते इथूनच समजतं.

सुधारणा हप्त्याहप्त्याने आल्या. १८७३ मध्ये फ्लँडर्सच्या फौजदारी न्यायालयांत डच आली, १८७८ मध्ये प्रशासनात, १८८३ मध्ये माध्यमिक शिक्षणात काही प्रमाणात. १८९८ मध्ये कायद्याचा डच मसुदा फ्रेंचच्या बरोबरीचा ठरला. मग पहिलं महायुद्ध आलं. आयझर नदीच्या आघाडीवर साधे सैनिक मोठ्या संख्येने फ्लेमिश आणि अधिकाऱ्यांची भाषा फ्रेंच. हुकूम न कळल्यामुळे हजारो फ्लेमिश पोरं मेली, ही दंतकथा तिथूनच निघाली. इतिहासकार ती अतिशयोक्ती मानतात, मात्र तिच्यामागची चीड खरी होती. डिक्समाउडे इथला आयझर मनोरा या चिडीचं स्मारक आहे. पहिला मनोरा मार्च १९४६ मध्ये सुरुंगाने उडवला गेला. त्याच्या ढिगाऱ्यातून शांतीचं प्रवेशद्वार बांधलं आणि मागे ८४ मीटर उंचीचा नवा मनोरा उभा राहिला. वर जाऊन जिन्याने एकेक मजला उतरत संग्रहालय पाहता येतं. युद्धस्मारक समजून जाणाऱ्याला आत भाषेचं राजकारण भेटतं.

१९३० मध्ये गेंट विद्यापीठ पूर्णपणे डच झालं आणि १९३२ मध्ये सगळ्यात महत्त्वाचा कायदा आला. गावागणिक भाषा ठरवायची, आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेनुसार ती बदलायची. एखाद्या गावात दुसऱ्या भाषेचे लोक ३० टक्क्यांवर गेले की त्यांना त्यांच्या भाषेत सेवा मिळणार. ५० टक्के ओलांडले की गावाची भाषाच बदलणार. नियम सुटसुटीत होता आणि नेमका तिथेच फसला. जनगणनेतला भाषेचा प्रश्न म्हणजे मतदान होऊन बसलं. ब्रसेल्सच्या भोवतालच्या गावांत फ्रेंच ही वर चढण्याची शिडी असल्यामुळे मूळची डच घरंही फ्रेंचवर खूण करू लागली. शहर तेलाच्या डागासारखं पसरतंय, ही फ्लेमिश पुढाऱ्यांची ओरड या काळातली. १९४७ च्या जनगणनेचे भाषेचे आकडे इतके स्फोटक निघाले की ते १९५४ पर्यंत दाबून ठेवले गेले. जाहीर झाल्यावर आणखी तीन गावं द्विभाषिक ब्रसेल्समध्ये गेली आणि तिथल्या नगरपालिकांची संख्या १९ झाली. ती आजही तेवढीच आहे. पुढच्या, म्हणजे १९६१ च्या जनगणनेतून भाषेचा प्रश्नच काढून टाकला. तेव्हापासून बेल्जियममध्ये कोण कुठली भाषा बोलतं याची सरकारी मोजणी नाही, त्यामुळे पाठ्यपुस्तकांतले टक्के हे अंदाजच समजायचे.

सीमाप्रश्न ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता हे पाटसकर सूत्राचे निकष, बेळगावात मराठी कागदपत्रांच्या मागणीमागचा १५ टक्क्यांचा हिशेब, सगळा त्याच जातीचा. फरक एवढाच की बेल्जियमने एका टप्प्यावर मोजणी थांबवली आणि रेषा गोठवली.

हे गोठवणं १९६२-६३ च्या कायद्यांनी झालं. मूस्क्राँ आणि कोमीन हा पट्टा पश्चिम फ्लँडर्समधून काढून फ्रेंच भाषक एनो प्रांताला दिला. बदल्यात व्हूरेन, ज्याला फ्रेंच लोक फूराँ म्हणतात, ती सहा छोटी खेडी लिएज प्रांतातून उचलून फ्लेमिश लिंबुर्गला जोडली. व्हूरेनची उर्वरित फ्लँडर्सशी जमिनीवरून सलगता नाही. मध्ये वॉलोनिया, म्हणजे दक्षिणेकडचा फ्रेंच भाषक प्रदेश, आणि दुसरीकडे नेदरलँड्स. तिथे १९८० च्या दशकात महापौर झालेल्या जोझे आपार यांनी डच चाचणी द्यायला नकार दिला. हा वाद इतका चिघळला की ऑक्टोबर १९८७ मध्ये विल्फ्रीड मार्टेन्स यांचं सरकार पडलं. आज व्हूरेन फळबागा आणि पायवाटांसाठी छान आहे, पण दिशादर्शक फलकांवरचं एक नाव काळ्या रंगाने फासलेलं दिसलं तर तो पोरकटपणा समजू नका.

ल्यूव्हेनची कथा विद्यार्थ्यांच्या थेट उपयोगाची. तिथलं जुनं कॅथलिक विद्यापीठ दोन्ही भाषांत चालायचं, पण शहर फ्लँडर्समध्ये. फ्रेंच विभागाने तिथून जावं म्हणून आंदोलन पेटलं आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये सरकार गेलं. विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच तुकड्यासाठी रेषेच्या पलीकडे शेतजमिनीवर लूवँ-ला-नव्ह नावाचं संपूर्ण नवं शहर बांधलं. १९७१ मध्ये पायाभरणी, पुढच्या वर्षी पहिले विद्यार्थी. ग्रंथालयही वाटलं गेलं : विषम क्रमांकाची पुस्तकं ल्यूव्हेनला, सम क्रमांकाची नव्या शहराला. प्रवेशपत्रावर ‘लूवँ’ वाचून ल्यूव्हेनमध्ये खोली भाड्याने घेण्याचा घोटाळा त्यामुळे सहज होतो. फ्रेंचमध्ये ल्यूव्हेनला लूवँच म्हणतात. केयू ल्यूव्हेन म्हणजे डच विद्यापीठ, यूसीलूवँ म्हणजे फ्रेंच. अंतर तीसेक किलोमीटरच आहे, पण रोज ये-जा करणं जिकिरीचं.

याच सुमारास राजकीय पक्षही फुटले : ख्रिस्ती लोकशाहीवादी १९६८ मध्ये, समाजवादी १९७८ मध्ये. अँटवर्पचा मतदार लिएजच्या उमेदवाराला मत देऊ शकत नाही. १९७० पासून घटनादुरुस्त्यांची मालिका सुरू झाली आणि १९९३ मध्ये बेल्जियम घटनेनुसार संघराज्य झालं. एकाच भूमीवर ‘समुदाय’ आणि ‘प्रदेश’ अशी दोन-दोन सरकारं पाहून डोकं गरगरतं. त्याचं कारण साधं आहे. फ्लेमिशांना भाषा आणि शिक्षण हातात हवं होतं, म्हणून समुदाय. वॉलोनियाचा कोळसा आणि पोलाद १९५० नंतर बसत चाललं होतं, १९६०-६१ च्या मोठ्या संपानंतर तिथल्या कामगार नेत्यांना आर्थिक निर्णय हातात हवे होते, म्हणून प्रदेश. दोघांच्या मागण्या वेगळ्या, दोन्ही मान्य झाल्या. पुढे फ्लँडर्सने आपली दोन्ही सरकारं एक केली, फ्रेंच बाजूने केली नाहीत.

हे सगळं अर्ध्या तासात बघायचं असेल तर ब्रसेल्स-मिडी स्टेशनातून शार्लरुआच्या मार्गावरची थांबत जाणारी लोकल पकडावी. मिडीचंच डच नाव झाउड, म्हणजे दक्षिण. तिथे फलक दोन भाषांत. पुढे लिंकेबेक आणि सिंट-हेनेसियुस-रोडे ही फ्लँडर्समधली गावं लागतात, आणि त्यानंतर वॉटर्लू, जिथे फक्त फ्रेंच. ब्रसेल्स आणि वॉलोनिया यांच्यामधली फ्लँडर्सची पट्टी इथे जेमतेम चार-पाच किलोमीटर रुंद आहे. त्या पट्टीतल्या रोडेत, जिला फ्रेंचमध्ये रोद-सँ-जनेस म्हणतात, फ्रेंच बोलणारेच जास्त राहतात. ब्रसेल्सभोवतीच्या अशा सहा गावांत फ्रेंच भाषकांना कायद्याने ‘सवलती’ आहेत. पण डिसेंबर १९९७ मध्ये फ्लेमिश सरकारने परिपत्रक काढलं : फ्रेंच कागद हवा असेल तर प्रत्येक वेळी, प्रत्येक कागदासाठी नव्याने मागायचा. एकदा सांगून नोंद चालणार नाही, असं त्यात होतं. २००६ च्या निवडणुकीनंतर मतदारांना फ्रेंचमध्ये पत्रं पाठवल्याबद्दल यातल्या तीन गावांच्या निवडून आलेल्या महापौरांची नेमणूक अडवली गेली होती.

वॉटर्लूची रणभूमी पाहायची तर जवळचं स्टेशन ब्रेन-लाल्यू. ब्रेन-ल-काँत नव्हे, ते माँसच्या मार्गावर आहे. डच नावांनी हा घोळ आणखी वाढतो, कारण पहिलं एखेनब्राकेल आणि दुसरं स्ख्राव्हेनब्राकेल. निघण्याआधी दोन-दोन नावं वहीत उतरवून ठेवावीत : माँस म्हणजे बेर्खेन, तुर्ने म्हणजे डोर्निक, नामूर म्हणजे नामेन, कोर्ट्रैक म्हणजे कुर्त्रे, मेखेलेन म्हणजे मालीन, अँटवर्प म्हणजे आँव्हेर. फ्रान्समधलं लील डचमध्ये रैसेल होतं, आणि नकाशाच्या ॲपला नुसतं लील सांगितलं तर ते अँटवर्प प्रांतातल्या त्याच स्पेलिंगच्या छोट्या गावात नेऊन सोडू शकतं. देशाचं नावही बरोबर निवडा.

कोणाशी कुठल्या भाषेत बोलायचं याचा नियम सोपा. फ्लँडर्समध्ये दोन शब्द डच आणि मग इंग्रजी, फ्रेंच समोरच्याने सुरू केल्याशिवाय नको. वॉलोनियात ‘बोंजूर’शिवाय वाक्य सुरू करू नका, इंग्रजी कमी चालते. ब्रसेल्समध्ये फ्रेंच किंवा इंग्रजी, काहीही. सरकारी माणसावर मात्र कायद्याचं बंधन असतं. २०२४ मध्ये विलव्होर्डे या फ्लेमिश शहराजवळ एका तिकीट तपासनिसाने डच आणि फ्रेंच दोन्हींत नमस्कार केला, तर एका प्रवाशाने तक्रार नोंदवली. तिकीट खिडकीवरचा माणूस उत्तर इंग्रजीत द्यायला कचरला तर तो उद्धट आहे असं नाही.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी कार्यालयाचा पत्ता नीट पाहावा. ब्रसेल्सचा विमानतळ झाव्हेंटेममध्ये, म्हणजे फ्लँडर्समध्ये आहे, आणि त्याभोवतालच्या कंपन्याही. १९७३ च्या फरमानानुसार फ्लँडर्समधला नोकरीचा करार डचमध्येच लागतो. २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने याला धक्का दिल्यावर काही परिस्थितींत दुसऱ्या भाषेची वैध प्रत जोडता येऊ लागली. म्हणून सही करताना ‘ही इंग्रजी प्रत करार आहे की नुसता अनुवाद?’ हे विचारून घ्यावं.

उरला जर्मन कोपरा. ऑयपेन आणि मालमेदी हा भाग पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून १९२० मध्ये आला, १९४० ते ४५ पुन्हा जर्मनीत गेला आणि परतला. मालमेदीत फ्रेंच राज्य करते, ऑयपेनसह नऊ नगरपालिकांत जर्मन. पाऊण लाखाच्या आसपास लोकसंख्या, तरी स्वतःचं संसद आणि सरकार आहे. तिथे जायला गाडी बदलावी लागत नाही. समुद्रकाठच्या ऑस्टेंडहून थेट ऑयपेनला जाणारी आंतरशहर गाडी साधारण तीन तासांत देश आडवा कापते. ब्रुख आणि गेंटपर्यंत घोषणा डचमध्ये, ब्रसेल्समध्ये दोन्ही, ल्यूव्हेनला पुन्हा डच, लिएज आणि व्हेर्व्हियेला फ्रेंच, शेवटच्या स्टेशनात जर्मन. कान उघडे ठेवून बसायचं असेल तर शेवटपर्यंत बसा, पण लिएजला उतरायचं असेल तर ल्यूव्हेन सुटल्यावर ‘लाउक’ ऐकूनच सामान आवरायला घ्या.