बास-संवर्धन, खाजगी तळ्यातील

अमेरिकेत, मुख्यतः आग्नेय व मध्य-पश्चिमेकडील राज्यांत, शेतावरच्या लहान तळ्यात लार्जमाउथ बास हा शिकारी मासा आणि त्याचे भक्ष्य म्हणून ब्लूगिल एकत्र ठेवून गळाच्या मासेमारीसाठी दोहोंचा समतोल राखण्याची पद्धत. बासचे शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस सॅल्मॉइडीस असे दिले जाते; मात्र २०२२ मधील जनुकीय अभ्यासानंतर ते फ्लॉरिडातील जातीकडे गेले असून उत्तरेकडील जातीला मा. नायग्रिकन्स म्हणतात. तळ्यांविषयीचे जुने लेखन वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा लागतो.

पद्धतीचा पाया अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल व ई. व्ही. स्मिथ यांनी साधारणतः १९३० च्या दशकात घातला. खत घातलेल्या तळ्यात एकरी सुमारे १,००० ब्लूगिल व १०० बास बोटुकली (बोटाएवढी पिले), बिनखताच्या तळ्यात त्याच्या निम्मी, हे प्रमाण तिथलेच. ब्लूगिल शरद ऋतूत सोडतात आणि बास पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी, म्हणजे तोवर ब्लूगिलची पिले खाद्य म्हणून तयार असतात.

समतोल मोजावा कसा, हा खरा वादाचा विषय. स्विंगल यांनी १९५० मध्ये भक्ष्य माशांच्या एकूण वजनाचे शिकारी माशांच्या वजनाशी असलेले गुणोत्तर पुढे केले. ३ ते ६ हे त्यांना इष्ट वाटले. पण त्यासाठी तळे उपसावे लागते, आणि मालक त्याला सहसा राजी नसतो. शिवाय स्विंगल यांची तळी उबदार हवामानातली. तेथे बास वर्षभरात वयात येतो, उत्तरेत त्याला अधिक काळ लागतो, म्हणून तेच प्रमाण तेथे तसेच लावणे कठीण. १९७० च्या दशकात रिचर्ड अँडरसन यांनी मिसूरीत लांबीवर आधारलेला निर्देशांक मांडला : २० सेंमी. व त्याहून लांब बासपैकी ३० सेंमी. गाठणाऱ्यांचे शेकडा प्रमाण. ४० ते ७० हे समतोलाचे लक्षण मानतात. मासे परत सोडता येत असल्याने आज हाच निर्देशांक अधिक सोयीचा ठरतो.

निर्देशांक घसरला तर बहुधा लहान बासची गर्दी झालेली असते. तेव्हा लहान बास काढून खावेत, मधल्या आकाराचे सोडून द्यावेत. उलट ज्याला मोठे ब्लूगिल हवेत, तो ही गर्दी मुद्दाम राहू देतो; कारण हे बास ब्लूगिलची पिले खातात आणि उरलेले ब्लूगिल मोठे होतात.

जपानमध्ये आशी सरोवरात १९२५ मध्ये सोडलेला बास पुढे उपद्रवी ठरला. २००५ पासून तेथे तो जिवंत पाळण्यास व नेण्यास मनाई आहे.